बीपीच्या गोळीने विषाणूला दारं वाढतात का?

प्रश्न: माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. बीपी आणि मधुमेह दोन्ही जुने. बीपीसाठी टेल्मिसार्टन कितीतरी वर्षं चालू होती. दोन महिन्यांपूर्वी घरात सगळ्यांना कोरोना झाला. आईचं (वय ६७) सर्दी, अंगदुखी आणि आठवडाभर गेलेला वास एवढ्यावर निभावलं. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला एक दिवस ताप आला आणि गेला. बाबांना मात्र आधी जुलाब, मग धाप, आणि शेवटी पाच दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. हॉस्पिटलमध्ये त्यांची बीपीची गोळी बंद केली होती. घरी आल्यावर माझ्या दिरांनी एक मेसेज पाठवला: बीपीच्या गोळ्यांमुळे फुप्फुसात एसीई-२ नावाची दारं वाढतात आणि कोरोना त्यातूनच आत शिरतो. हॉस्पिटलने गोळी बंद केली ती याचसाठी, असं वाटून आम्ही ती पुन्हा सुरूच केली नाही. आता घरच्या मशीनवर बीपी १६८/९८ च्या आसपास येतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो सोबत पाठवते आहे. इतकी वर्षं रोज आठवणीने मीच त्यांना ती गोळी द्यायचे. म्हणजे त्यांचा आजार मीच वाढवला का? एसीई-२ ची किंवा जनुकीय टेस्ट करून घ्यावी का? ही दारं बंद करणारं औषध मिळतं का? आणि एकच घर, एकच विषाणू, तर तिघांच्या तीन तऱ्हा कशा?
(नाव-गाव छापू नये.)

उत्तर: ताई, विज्ञान नंतर. आधी वडिलांच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि दोनच गोष्टी सांगा: हॉस्पिटलमध्ये थांबवलेली टेल्मिसार्टन अजून सुरू झालेली नाही, आणि बीपी १६८/९८ येतंय. ते बहुधा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतील आणि मग गोळी किती डोसने सुरू करायची ते ठरवतील. कपाटातली जुनी पट्टी काढून आपल्या मनाने देऊ नका. छातीत दुखलं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा वाटला, बोलणं अडखळलं, धाप लागली किंवा डोकं असह्य दुखायला लागलं, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.

आता ते कार्ड. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून वाचला. दुसऱ्या पानावर औषधांच्या यादीखाली लिहिलं आहे की भरतीच्या दुसऱ्या दिवशी बीपी ९६/६० होतं आणि क्रिएटिनिन १.९, जे आधीच्या रिपोर्टात १.१ होतं. त्यापुढे ‘टेल्मिसार्टन तूर्त थांबवली’. आणि खाली, शिक्क्याच्या शाईत अर्धं बुडालेलं, ‘आठवड्याने क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहून पुन्हा सुरू करण्याचा निर्णय’. एसीई-२ चं नावही कार्डावर कुठे नाही.

झालं ते असं. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, बीपी उतरलं, किडनीकडे जाणारं रक्त कमी झालं. अशा वेळी किडनीतला गाळण्यापुरता दाब टिकवायला शरीर अँजिओटेन्सिन-२ या रसायनाचा आधार घेतं, आणि टेल्मिसार्टन नेमकं त्याचंच काम अडवते. म्हणून ती काही दिवस थांबवतात. शिवाय अशा अवस्थेत या गोळीने पोटॅशियम चढण्याचीही भीती असते. निर्णय बरोबर होता. चुकलं ते एवढंच की आठवड्यानंतरची तपासणी राहून गेली आणि त्या मोकळ्या जागेत मेसेज येऊन बसला. घरी आणलेल्या पेशंटच्या धावपळीत दुसऱ्या पानावरची शेवटची ओळ कोण वाचतं? त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

मेसेजमधलं अर्धं वाक्य खरं आहे. हा विषाणू एसीई-२ या प्रथिनाला चिकटूनच पेशीत शिरतो. २००३ मध्ये, कोरोनाच्याच कुळातल्या सार्स या आजाराची साथ आली त्याच वर्षी, वेनहुई ली आणि मायकेल फर्झान यांच्या गटाने सार्सच्या विषाणूचा हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची चिकटण्याची जागा, शोधून काढला. २०२० च्या सुरुवातीला शी झेंगली यांच्या गटाने नव्या विषाणूचीही वाट तीच असल्याचं दाखवलं. पण एसीई-२ ला नुसतं दार म्हटलं की मोठी फसगत होते, कारण दाराला दुसरा उद्योग नसतो आणि एसीई-२ ला आहे. ते एक एन्झाइम आहे, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, २००० साली सापडलेलं, आणि तेव्हा कोरोनाचा त्याच्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. बीपीशी निगडित असलेल्या एसीई या एन्झाइमचं भावंड म्हणून त्याची ओळख झाली.

त्याचं काम थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. यकृत एक मोठं प्रथिन रक्तात सोडतं. किडनीतून येणारं रेनिन त्यातून दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढतं. तो अँजिओटेन्सिन-१, फारसा उपद्रवी नाही. एसीई त्याच्या शेवटची दोन अमिनो आम्लं छाटतं. उरतो आठांचा तुकडा, अँजिओटेन्सिन-२, आणि याचा दरारा मोठा. तो रक्तवाहिन्या आवळतो, मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवायला लावतो, बीपी चढवतो. फार दिवस फार प्रमाणात राहिला तर हृदयात, किडनीत, फुप्फुसात दाह माजवतो आणि तिथल्या मऊ ऊतीत कडक तंतू वाढवतो. एसीई-२ येतं ते इथे. आठांच्या तुकड्यातलं शेवटचं एकच अमिनो आम्ल ते काढून टाकतं. उरतात सात. आणि या एका आम्लाने पारडं फिरतं: सातांचा तुकडा रक्तवाहिन्या सैल करतो, दाह उतरवतो. म्हणजे ज्याला तुमच्या घरात सध्या खलनायक ठरवलं गेलंय, ते एन्झाइम एरवी अँजिओटेन्सिन-२ ला आवर घालण्याचं काम करत असतं.

बीपीच्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असतं, एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे, त्या एसीईला अडवतात. ‘सार्टन’वाल्या, म्हणजे लोसार्टन आणि तुमच्या वडिलांची टेल्मिसार्टन, अँजिओटेन्सिन-२ ज्या रिसेप्टरवर बसून हुकूम सोडतं तो रिसेप्टर अडवतात. एसीई-२ ला थेट हात दोघीही लावत नाहीत.

मग दारं वाढण्याची गोष्ट आली कुठून? २००५ मधल्या एका प्रयोगातून. लिसिनोप्रिल किंवा लोसार्टन दिलेल्या उंदरांच्या हृदयात एसीई-२ च्या जनुकाची हालचाल वाढलेली दिसली होती. उंदरांच्या, आणि तेही हृदयात. मार्च २०२० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या छोट्या पत्राने शंका काढली की मधुमेह आणि बीपीच्या रुग्णांना कोरोना जड जातोय तो या गोळ्यांमुळे तर नसेल? शंका विचारण्यात गैर काही नव्हतं. पण ती छापून आल्यावर काही दिवसांतच ‘शंका’ हा शब्द गळून पडला आणि उरला तो तुमच्या दिरांपर्यंत पोचलेला मेसेज. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या रक्तदाबविषयक मंडळाने १३ मार्च २०२० रोजीच कळवलं होतं की या गोळ्या बंद करू नका. पाठोपाठ अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही तेच सांगितलं. हे निवेदन मात्र फॉरवर्ड झालं नाही.

नुसतं ‘तज्ज्ञ म्हणाले’ यावर तुम्ही विसंबावं असं मी म्हणणार नाही. आकडेच पाहा. इटलीच्या लोम्बार्डी भागातले ६२७२ कोरोना रुग्ण आणि त्याच वयाचे, त्याच भागातले ३०,७५९ इतर लोक यांची तुलना झाली. रुग्णांमध्ये या गोळ्या घेणारे जास्त होते खरे, पण त्यांच्यात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजारही जास्त होते. तो फरक हिशेबात धरल्यावर गोळ्यांचा आणि कोरोनाचा संबंध उरला नाही, ना लागण होण्याशी, ना आजार गंभीर होण्याशी.

तरी कुणी म्हणेल की ही मागे वळून केलेली गोळाबेरीज आहे. म्हणून ब्राझीलमध्ये चिठ्ठ्या टाकाव्या तसं करून पाहिलं. कोरोनामुळे भरती झालेले आणि या गोळ्या आधीपासून घेणारे ६५९ रुग्ण. निम्म्यांची गोळी ३० दिवस बंद, निम्म्यांची चालू. महिन्याभरातले किती दिवस रुग्ण जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर होता, हे मोजलं. गोळी बंद केलेल्यांचे सरासरी २१.९ दिवस, चालू ठेवलेल्यांचे २२.९. मृत्यूंचं प्रमाण २.७ आणि २.८ टक्के. ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न शब्दशः हाच होता आणि जानेवारी २०२१ मध्येच त्याचं उत्तर छापून आलंय. तुम्ही रोज गोळी दिलीत म्हणून बाबा ऑक्सिजनवर गेले नाहीत. उलट इतकी वर्षं त्यांचं हृदय, मेंदू आणि मधुमेहाने आधीच कष्टवलेली किडनी सांभाळली गेली ती तुमच्या त्या आठवणीमुळे.

दुसरं टोकही गाठायला नको. काही डॉक्टरांना आशा होती की याच गोळ्या कोरोनावर उपचार ठरतील. तिला आधार होता. २००५ मध्ये योसेफ पेनिंगर यांच्या गटाने दाखवलं होतं की एसीई-२ नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसाला इजा झाली की ती जास्त चिघळते, आणि सार्सच्या विषाणूचं काटेरी प्रथिन (ज्याने तो एसीई-२ ला धरतो) टोचल्याने झालेली इजा लोसार्टनने सौम्य होते. कल्पना अशी: विषाणू आत शिरताना पृष्ठभागावरचं एसीई-२ सोबत आत ओढतो. ते कमी पडलं की अँजिओटेन्सिन-२ मोकाट सुटतं आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. फार देखणी मांडणी आहे. मला स्वतःला ती आवडते, आणि तिच्यात काही तथ्य असणारच. पण औषध म्हणून ती माणसात उतरली नाही. अत्यवस्थ रुग्णांना या गोळ्या नव्याने सुरू करून पाहिल्या तेव्हा फायदा नाहीच, उलट निष्पत्ती वाईट होण्याकडे कल दिसला. सातांचा तो गुणी तुकडा शिरेतून देऊन पाहिला, त्यानेही काही साधलं नाही. दोन्ही निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तेव्हा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आहे, एवढंच धरून चालावं.

आता तिघांच्या तीन तऱ्हा. तुमच्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच, कारण एसीई-२ आजार कुठवर ठरवतं आणि कुठे त्याचा हात सुटतो, हे तुमच्या एका घरात दिसतं.

आईपासून सुरू करू. वास का गेला? नाकाच्या छतावर वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात, आणि त्यांना लागून, त्यांचं पोषण पाहणाऱ्या आधारपेशी. एसीई-२ आहे ते आधारपेशींवर. मज्जापेशींवर ते जवळपास नाही. विषाणू आधारपेशींना धरतो, त्या कोलमडतात आणि मज्जापेशींचं काम तात्पुरतं बंद पडतं. आधारपेशी नव्याने उगवतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, तसा आईंचाही आला. बाबांचे जुलाब? लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर एसीई-२ खच्चून भरलेलं असतं, फुप्फुसापेक्षा कितीतरी जास्त. तिथे ते अन्नातली अमिनो आम्लं शोषून घ्यायला मदत करतं. विषाणू आतड्याच्या पेशींतही शिरू शकतो आणि जुलाबांची एक सरळ वाट तीच. फुप्फुसात मात्र एसीई-२ मुळात कमी आहे. वायुकोशांच्या भिंतीतल्या थोड्याच पेशींवर, ज्या फुप्फुस मिटू नये म्हणून साबणासारखा द्रव तयार करतात, त्यांच्यावर ते मिळतं. म्हणून तिथे आग लागली की कोशच आक्रसायला लागतात.

बघा, हे सगळं एसीई-२ कुठे आहे याने समजतं. किती आहे याने नाही. आतड्यात ते फुप्फुसाच्या कितीतरी पट असूनही माणूस अडतो तो श्वासाला.

‘किती’चा मुद्दा थोडाफार लागू पडतो तो लागण होण्यापुरता. मे २०२० मध्ये ४ ते ६० वयाच्या ३०५ जणांच्या नाकातल्या पेशी तपासल्या गेल्या. दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये एसीई-२ च्या जनुकाची हालचाल सर्वांत कमी होती. तुमच्या मुलाचा एका दिवसाचा ताप यानेच समजावून द्यावा असा मोह होतो. पण लागण झालेल्या मुलांच्या नाकातही विषाणू मोठ्यांइतका भरपूर सापडू शकतो, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. मुलांच्या नाकातल्या पेशी विषाणूविरोधी यंत्रणा आधीच अर्धी सज्ज ठेवून असतात. इंटरफेरॉन नावाचा इशारा त्यांच्याकडून लवकर सुटतो आणि विषाणूला पसरायला वेळ मिळत नाही. मला हे कारण जास्त वजनदार वाटतं.

आणि आजाराचा गंभीरपणा फक्त एसीई-२ वर ठरत असता, तर एनएल-६३ चं काय करायचं? हा दुसरा कोरोना विषाणू, २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडलेला. तोही एसीई-२ लाच चिकटतो. बहुतेकांना तो साध्या सर्दीपलीकडे काही करत नाही. वाट एकच, एकाने साथ आणली आणि दुसरा नाक गळायला लावून निघून जातो. ओमायक्रॉनचंही तसंच. त्याचं काटेरी प्रथिन मूळ विषाणूपेक्षा एसीई-२ ला कमी घट्ट धरतं असं नाही, तरी तो फुप्फुसाच्या खोल भागात तुलनेने कमी वाढतो. याचं कारण चिकटण्यानंतरच्या पायरीत आहे. नुसतं चिकटून विषाणू आत जात नाही. त्याचं काटेरी प्रथिन एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं. फुप्फुसाच्या पेशींवर हे काम टीएमपीआरएसएस-२ नावाचं दुसरं एन्झाइम करतं, हे मार्कुस हॉफमन आणि श्टेफान प्योलमन यांच्या गटाने मार्च २०२० मध्ये दाखवलं. ओमायक्रॉन या एन्झाइमचा वापर कमी करतो आणि पेशीच्या पोटातल्या पिशव्यांमार्फत जाणाऱ्या आडवाटेने शिरणं पसंत करतो. (जाता जाता: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही आडवाटच अडवते. म्हणून माकडाच्या किडनीच्या पेशींवर ती प्रयोगशाळेत चमकली आणि माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर फुसकी निघाली. तेव्हा त्या गोळीसाठी लोकांनी केमिस्टकडे रांगा लावल्या होत्या.)

बाबांवर आजार उलटला याची कारणं वय, पुरुष असणं, मधुमेह आणि बीपी यांत आहेत, आणि त्यांतली बरीचशी वाट रोगप्रतिकारशक्तीतून जाते. इंटरफेरॉनचा इशारा वेळेवर निघाला नाही की विषाणू आठवडाभर हात-पाय पसरतो, आणि मग उशिरा जागं झालेलं शरीर विषाणूसोबत स्वतःचं फुप्फुसही भाजून काढतं. २०२० मध्ये ९८७ अत्यवस्थ रुग्णांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांपैकी १०१ जणांच्या शरीराने स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवून ठेवली होती, आणि त्या १०१ मध्ये ९५ पुरुष. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजाराच्या ६६३ जणांत असं एकही उदाहरण सापडलं नाही. बाबांच्या रक्तात तसं काही आहे असं मी सुचवत नाही. पण एका घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांत फरक पडतो तो कुठल्या पातळीवर, याची कल्पना यावी. ऑक्सिजनवर असताना त्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याचं कार्डावर आहे. त्या औषधाचा एसीई-२ शी काही संबंध नाही, ते हा उशिराचा भडका शमवतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने जवळपास एक-तृतीयांशाने घटले, आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही.

‘आई बाई आहे म्हणून वाचली का’ हेही तुमच्या मनात असेल. एसीई-२ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि बायकांकडे एक्स दोन. यावरून पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातून सरळ उत्तर निघताना दिसत नाही. दोन प्रती म्हणजे दुप्पट एन्झाइम असा हिशेब पेशीत चालत नाही, कारण दुसरं एक्स बरंचसं मिटलेलं असतं.

टेस्टचं थोडक्यात: पैसे घालवू नका. रक्तात मोजलं जातं ते पेशीवरून सुटून रक्तात आलेलं एसीई-२. नाकात आणि फुप्फुसात पेशींवर किती आहे, हे त्यावरून कळत नाही. हृदय कमजोर झालेल्यांत ते रक्तात वाढतं, पुरुषांत ते बायकांपेक्षा जास्त असतं, आणि आकडा कितीही आला तरी डॉक्टर त्यावरून एकही औषध बदलणार नाहीत. जनुकीय टेस्टचंही तेच. एसीई-२ च्या शेजारचा एक दुर्मीळ बदल २०२२ मध्ये सापडला खरा: तो असणाऱ्यांत एसीई-२ सुमारे ३७ टक्के कमी तयार होतं आणि लागण होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के कमी असते. शास्त्रज्ञांसाठी हा फार मोलाचा पुरावा आहे, कारण माणसांतही रिसेप्टर कमी असला तर लागण कमी होते हे त्याने दाखवलं. तुमच्या वडिलांसाठी तो निरुपयोगी. आजार गंभीर होण्याशी ज्या जनुकीय भागांचं नाव सर्वांत आधी जोडलं गेलं, त्यांत तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक भाग ठळक होता. एसीई-२ त्या यादीत वरच्या जागी नव्हतंच.

दारं बंद करणारं औषध? मुळात ती बंद करावीत का, हा प्रश्न आधी. एसीई-२ अजिबात नसलेल्या उंदरांच्या आतड्यात दाह सहज माजतो, आणि फुप्फुसाची इजा चिघळते हे तर वर आलंच आहे. पण प्रयत्न झाले आहेत. पेशीवरून सुटं केलेलं एसीई-२ औषध म्हणून टोचून विषाणूला तिथेच गुंतवून ठेवायचं, अशी एक युक्ती होती. प्रयोगशाळेत ती चालली, नेहमीच्या उपचारांत आली नाही. टीएमपीआरएसएस-२ ला अडवणारं कॅमोस्टॅट चाचण्यांत निष्प्रभ ठरलं. यकृताच्या आजारात देतात ती अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी एसीई-२ कमी करते, असं २०२२ च्या शेवटी एका संशोधनात दिसलं. त्यावरून कुणी ती सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. तेवढ्या भांडवलावर ७१ वर्षांच्या माणसाच्या औषधांत आणखी एका गोळीची भर घालणं मला मान्य नाही. आणि ‘एसीई-२ संतुलित करतं’ असं लिहिलेल्या पावडरी आणि काढ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

विषाणूला एसीई-२ पासून दूर ठेवण्याचा सरळ मार्ग तुमच्या घरात बहुधा आधीच वापरला गेलाय. लशीने तयार होणारी काही प्रतिपिंडं काटेरी प्रथिनाच्या नेमक्या त्या टोकावर बसतात जे एसीई-२ ला धरतं. एन्झाइम आपलं काम करत राहतं, फक्त विषाणूला पकड मिळत नाही. विषाणू ते टोक बदलत राहतो म्हणून हे संरक्षण पातळ होतं, तरी गंभीर आजारापासूनचा बचाव लागण रोखण्यापेक्षा जास्त टिकतो. बाबांना पुढचा डोस कधी घ्यायचा, हेही डॉक्टरांना विचारा.

पुन्हा कधी घरात कुणाला कोरोना झाला, तर बाबांची चाचणी पहिल्याच दिवशी करून घ्या. निर्माट्रेलव्हिरसारखी गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते. ती विषाणूच्याच एका एन्झाइमला अडवते, आणि तिच्या जोडीच्या रिटोनाव्हिरचं अनेक नेहमीच्या औषधांशी वाकडं आहे, शिवाय डोस किडनी पाहून ठरतो. म्हणून बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि शेवटचा क्रिएटिनिनचा आकडा एका कागदावर तयार ठेवा. टेल्मिसार्टन कोरोना झाला म्हणून थांबवायची नाही. पण जुलाब-उलट्या होत असतील, पाणी पोटात टिकत नसेल किंवा बीपीचा वरचा आकडा १०० च्या खाली आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून थांबवायची का विचारा, आणि ते हो म्हणाले तर पुन्हा सुरू करण्याआधी रक्त कोणत्या तारखेला तपासायचं, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.